भिंतीतली माशी

दिवाळीच्या फराळाचे ताट पुढे असताना माशीची गोष्ट काढणे शिष्टाचाराला धरून नाही, हे मी जाणतो. पण ज्या माशीविषयी मला लिहायचे आहे ती ताटावर बसणारी नव्हे. ती गोडाला भुलत नाही, दिव्यापाशी पिंगा घालत नाही, कानाशी गुणगुणत नाही. तिचा आकार दोन ते तीन मिलिमीटर, म्हणजे डासाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढा. दिवसभर ती भिंतीच्या भेगेत बसून राहते आणि दिवेलागण झाली की गुपचूप बाहेर पडते. आमच्या तेरखेड्यात तिला निराळे नावसुद्धा नव्हते. चिलट म्हणा, मुरकूट म्हणा, सगळे एकाच मापात. पुस्तकात तिला वाळूमाशी म्हणतात. पण तिचे वाळूशी फारसे सख्य नाही. तिचे सख्य आहे ते मातीच्या भिंतीशी, गोठ्याशी आणि आपल्याशी.

तेरखेडा म्हटले की पुष्कळांना फटाके आठवतात आणि त्यात चूक नाही. आमचे गाव फटाक्यांचेच. दिवाळीच्या आधी सोलापूर-औरंगाबाद रस्त्याने जाणाऱ्या गाड्या आमच्या गावाशी थांबल्याशिवाय पुढे जात नाहीत. पण मी ज्या तेरखेड्यात वाढलो त्यातली दिवाळी आवाजाने सुरू होत नसे; ती मातीच्या वासाने सुरू होई. आमची घरे माळवदाची. भिंती दोन-दोन हात रुंद, दगड-मातीच्या. पावसाळ्यात त्या फुगत आणि भाद्रपदाचे ऊन पडले की तडकत. मग नवरात्राच्या तोंडावर 'दसरा काढायला' सुरुवात होई. घरातली भांडीकुंडी, वाकळा, उतरंडी सारे अंगणात. आई, काकू, आत्या पदर खोचून माती, शेण आणि भुसा पायांनी तुडवीत, आणि त्या गाऱ्याने भिंतीची एकेक भेग बुजवीत. वर पांढऱ्या मातीचा पोतेरा. हे काम दिवाळीच्या अलीकडे पुरे झालेच पाहिजे, नाहीतर लक्ष्मी उंबऱ्यावरून परत जाते, असे आजी म्हणे.

लक्ष्मी परत जाते की नाही ते मला ठाऊक नाही. पण त्या गाऱ्याने कोणाची वाट बंद होत होती हे मला पन्नाशी उलटल्यावर कळले.

माझ्या लहानपणी, मी दहा वर्षांचा असेन, आत्याचा मुलगा गेला. आत्या आमच्याच गल्लीत दिलेली होती. पोर पाच वर्षांचे, अंगाने धट्टेकट्टे. आषाढाचे दिवस. सकाळी आम्ही दोघे गोठ्यात गोट्या खेळलो होतो. दुपारी त्याला ताप भरला, तिन्हीसांजेला उलट्या झाल्या, आणि दिवा लावायच्या वेळेस त्याला पहिली आकडी आली. रात्री बार्शीला न्यायचे म्हणून गाडी जुंपली. येरमाळ्याच्या अलीकडेच गाडी माघारी वळवावी लागली. सकाळी खेळणारे मूल दुसऱ्या दिवशीचे ऊन पाहत नाही, याचा अर्थ लावायला तेव्हा गावापाशी दोनच शब्द होते. एक 'नजर' आणि दुसरा 'बाहेरचे'. आत्याच्या वाट्याला तिसरा आला. 'पोराकडे लक्ष नव्हते.' तो तिने आयुष्यभर जवळ बाळगला.

पुढे मी शिकलो, एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवू लागलो, आणि मुलांना डासाच्या जीवनचक्राच्या आकृत्या काढायला लावू लागलो. शाळेत शिकवताना एक गोष्ट मला नेहमी खटके. आपल्या पुस्तकांत किडे एका धड्यात असतात आणि मेंदू दुसऱ्या धड्यात. दोन्ही धड्यांच्या मध्ये परीक्षा असते. परंतु आपल्याच महाराष्ट्रात, पुण्याच्या एका संस्थेत, असे संशोधक होऊन गेले की ज्यांच्या आयुष्यात हे दोन धडे एकच होते. त्यांची कहाणी मला येथे सांगावयाची आहे.

किडा चावतो आणि माणूस आजारी पडतो, ही कल्पना तशी फार जुनी नाही. 20 ऑगस्ट 1897 रोजी रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहिले, ते सिकंदराबादेस, म्हणजे त्या वेळी आमचे उस्मानाबाद ज्या निजामी राज्यात होते त्याच राज्यात. वाळूमाशीचे नाव त्यानंतर लवकरच पुढे आले. पेशावरकडच्या गोऱ्या पलटणींना उन्हाळ्यात तीन दिवसांचा ताप येई. तो या माशीमुळे येतो, हे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात युरोपात सिद्ध झाले. हिंदुस्थानातल्या वाळूमाश्यांच्या जाती ओळखून, मोजून, त्यांची चित्रे काढून ठेवण्याचे किचकट काम ज्यांनी केले त्यांत जॉन सिंटन हे लष्करी डॉक्टर अग्रणी. या गृहस्थांना 1916 साली मेसोपोटेमियातील लढाईत जखमी होऊनही सैनिकांची शुश्रूषा केल्याबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता, आणि पुढे ते रॉयल सोसायटीचे सदस्यही झाले. हे दोन्ही मान एकाच माणसाला मिळाल्याचे दुसरे उदाहरण नाही. तोफेपुढे उभे राहणाऱ्या माणसाला माशीच्या मिशा मोजण्यात आयुष्य घालवावेसे वाटले, याचे मला फार कौतुक वाटते.

बंगाल-बिहारमधला काळा आजार याच कुळातली माशी पसरवते, हे 1942 साली स्वामीनाथ, शॉर्ट आणि अँडरसन या तिघांनी स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांवर प्रयोग करून निश्चित केले. तेव्हा वाळूमाशीची बदनामी झाली ती तापाबद्दल आणि प्लीहेबद्दल. मेंदूचा आणि तिचा संबंध असेल, असे कोणाच्या मनातही नव्हते.

आता पुण्याकडे वळू. 1952 साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी मिळून पुण्यात विषाणू संशोधन केंद्र उघडले. 1978 पासून ते राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. विषय असा की जे विषाणू किडे आणि गोचिडे यांच्या अंगातून माणसात येतात त्यांचा शोध घ्यावयाचा. असल्या कामाला एकट्या डॉक्टरचा उपयोग नाही आणि एकट्या कीटकशास्त्रज्ञाचाही नाही. तेथे एका टेबलावर रुग्णाचे रक्त आणि दुसऱ्यावर डासांची परडी, आणि दोहोंच्या मध्ये सतत ये-जा, अशी व्यवस्था लागते.

1960 नंतरच्या दशकात या केंद्राची धुरा ज्यांच्याकडे होती ते टी. रामचंद्र राव मूळचे डासांचे अभ्यासक. मुंबई इलाख्याच्या हिवताप खात्यात त्यांची घडण झाली. 1946 च्या सुमारास धारवाड आणि कारवार जिल्ह्यांत डॉ. विश्वनाथन यांच्याबरोबर त्यांनी घराघरांच्या भिंतींवर डीडीटी फवारून खेड्यातला हिवताप आटोक्यात आणता येतो हे दाखवले. पुढे देशभर जी फवारणीची मोहीम झाली तिच्या आरंभीच्या प्रयोगांपैकी हा एक. आमच्या वयाच्या लोकांना ते फवारणीवाले चांगले आठवत असतील. पाठीवर पंप, भिंतीवर पांढरे ओघळ, आणि दारावर गेरूने लिहिलेली तारीख. आजी त्यांना देवघरात शिरू देत नसे. त्या फवाऱ्याने डासांबरोबर वाळूमाश्याही मेल्या आणि काळा आजार बिहारातून जवळजवळ नाहीसा झाला. 1970 च्या पुढे, फवारणी थांबल्यावर, तो परत आला. राव यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचे फळ म्हणजे हिंदुस्थानातील ॲनोफिलिस डासांवरचा त्यांचा जाडजूड ग्रंथ. तो या विषयातल्या माणसांच्या टेबलावर आजही असतो.

डासांचा हा जाणकार पुण्याला आला आणि त्याच्यापुढे डोक्यात जाणाऱ्या तापांचे काम येऊन पडले. त्या सुमारास केंद्राचे नाव गाजत होते ते शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलाने. तेथे 1957 साली माकडे मरू लागली, मागोमाग माणसे. टेलफोर्ड वर्क आणि हॅरॉल्ड ट्रॅपिडो यांनी शोधून काढले की हा गोचिडीतून येणारा नवा विषाणू आहे. (गोचीड म्हणजे किडा नव्हे, तिला आठ पाय असतात. माझे विद्यार्थी येथे हमखास एक गुण गमावीत.) जपानी मेंदूज्वर म्हणून जो ओळखला जातो त्याचाही माग या केंद्राने वेल्लोरच्या बाजूला 1955 च्या आसपास काढला होता. भाताच्या खाचरात वाढणारे क्युलेक्स डास, बगळे, डुकरे आणि माणसाचे मूल अशी ती साखळी आहे. माणूस तिच्यात अपघाताने येतो आणि प्राण गमावून बसतो. 1973 साली बंगालात बांकुरा आणि बर्दवान जिल्ह्यांत तिने मोठा घात केला.

पण माझी गोष्ट नागपूरची आहे.

1965 च्या उन्हाळ्यात नागपुरात तापाची प्रचंड साथ आली. घरेच्या घरे आडवी झाली. सांधे असे धरत की माणसांना उठवेना. पुण्याहून पथक गेले. रुग्णांच्या रक्ताचे नमुने बर्फात घालून पुण्यास आणले गेले. बहुतेकांत चिकुनगुन्याचा विषाणू निघाला, काहींत डेंग्यूचा. दोन वर्षे आधी कलकत्त्यास, मग मद्रासकडे आणि आता नागपुरास, असा चिकुनगुन्याचा प्रवास चालला होता. आमच्या शेजारच्या बार्शीला तो 1973 साली येऊन गेला. त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ देशात त्याचा जणू पत्ताच नव्हता, आणि 2005-06 मध्ये तो परत उपटला. असो.

त्या नागपूरच्या नमुन्यांत दोन नमुने मात्र वेगळे निघाले. आजारी माणसे साध्या तापाचीच होती. पण त्यांच्या रक्तातला विषाणू चिकुनगुन्याचा नव्हता, डेंग्यूचा नव्हता, कोणत्याच ओळखीच्या कुळातला नव्हता. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी तो झपाट्याने मारून टाकी. प्रवीण भट आणि एफ. एम. रॉड्रिग्ज या दोघांनी त्याची चिकाटीने तपासणी केली आणि 1967 साली तो नवा असल्याचे जाहीर केले. असल्या विषाणूला जेथे तो सापडला त्या जागेचे नाव देण्याचा प्रघात आहे. हे दोन रुग्ण नागपूरकडच्या चांदीपुऱ्याचे. म्हणून विषाणूचे नाव चांदीपुरा. पुढे कळले की तो बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा आहे आणि पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषाणूचा दूरचा भाऊबंद आहे. या भाऊबंदकीने कोणी फारसे दचकले नाही. दोन माणसांना ताप आला, दोघेही बरे झाले असतील तर दचकायचे काय?

येथे रॉड्रिग्ज यांच्याविषयी मला विशेष सांगावेसे वाटते. संशोधकाचे आयुष्य त्याच्या लेखांच्या माथ्यावर छापलेल्या नावांतून वाचता येते. 1967 च्या त्या लेखावर त्यांचे नाव आहे. नागपूरच्या साथीचा सगळा हिशेब मांडणारा लेख 1972 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत आला. त्यावर पहिले नाव त्यांचेच, आणि सोबत पुढे या संस्थेच्या संचालक झालेल्या खुर्शीद पावरी यांचेही. जपानी मेंदूज्वराच्या साथींच्या तपासातही ते आहेत. आणि या सगळ्यांच्या मधोमध, 1970 सालचे, दोन पानांचे एक छोटेसे टिपण आहे. व्ही. धंदा हे कीटकशास्त्रज्ञ, रॉड्रिग्ज, आणि एस. एन. घोष अशी तीन नावे. विषय, औरंगाबादेस पकडलेल्या वाळूमाश्यांत चांदीपुरा विषाणू सापडला.

दोन पाने! पण त्यामागे काय असेल याचा विचार करा. धंदा हे गोचिडे आणि माश्या यांच्या जाती ओळखण्यात तरबेज. तिन्हीसांजेला हातात विजेरी आणि तोंडात काचेची नळी धरून माणूस गोठ्याच्या भिंतीशी बसतो. वाळूमाशी उडते ती सरळ नव्हे, टुणटुण उड्या मारीत, जमिनीलगत. पंख मिटत नाही, वर उभे धरते, इंग्रजी 'व्ही' सारखे. नळीला ओठ लावून एकेक माशी अलगद ओढून घ्यायची. मग सूक्ष्मदर्शकाखाली तिची जात ठरवायची, जातवार पुडके बांधायचे, बर्फात घालायचे, पुण्यास न्यायचे, वाटायचे, आणि त्या काळच्या पद्धतीप्रमाणे पेशींत किंवा उंदराच्या तान्ह्या पिलाच्या मेंदूत टोचून दिवसेंदिवस वाट पाहायची. शेकडो पुडकी कोरी जातात. त्यात एक बोलते. आमच्या मराठवाड्यातल्या एका भिंतीतली ती माशी बोलली आणि त्यांनी ते लिहून ठेवले. विषाणू कोठे राहतो ते कळले. तो काय करू शकतो ते मात्र अजून कळायचे होते.

1980 च्या सुमारास मध्य प्रदेशात मेंदूविकाराने आजारी झालेल्या रुग्णाच्या रक्तात हाच विषाणू निघाला. जाणकारांनी भुवया उंचावल्या. पण एका रुग्णाने सिद्धांत होत नाही. पुण्याच्या शीतपेटीत 1965 चा तो मूळ विषाणू आणि त्याची प्रतिद्रव्ये तशीच पडून राहिली. अशा पेट्यांचे विजेचे बिल दर महिन्याला येते, आणि 'हे कशाला सांभाळता?' असे विचारणारा हिशेबनीसही प्रत्येक कार्यालयात असतोच, असा माझा तर्क आहे.

2003 च्या जून ते ऑगस्ट या महिन्यांत तेव्हाच्या आंध्र प्रदेशात, विशेषतः करीमनगर आणि वरंगळकडच्या खेड्यांत, मुले मरू लागली. नऊ महिन्यांच्या तान्ह्यापासून चौदा वर्षांच्या पोरापर्यंत. ताप, उलट्या, आकडी, बेशुद्धी आणि मृत्यू, हे सारे एक-दोन दिवसांत, कित्येकदा चोवीस तासांच्या आत. 329 मुले आजारी पडली, त्यांपैकी 183 गेली. शंभरांत पंचावन्नांहून अधिक. प्रथम सर्वांना वाटले जपानी मेंदूज्वरच. पण त्याची परीक्षा जुळेना. पुण्याहून पथके गेली. बी. एल. राव, बसू, नितीन वैरागकर आणि त्यांचे सहकारी. पेशींत विषाणू वाढला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तो बंदुकीच्या गोळीचा आकार! तेव्हा शीतपेटीतली ती 1965 ची प्रतिद्रव्ये बाहेर काढली आणि जुळवून पाहिली. तंतोतंत. दगावलेल्या एका मुलाच्या मेंदूतही त्याच विषाणूची खूण मिळाली. अडतीस वर्षांपूर्वी दोन तापकऱ्यांच्या रक्तात सापडलेला, कोणाच्या खिजगणतीत नसलेला पाहुणा तो हाच.

आता कीटकशास्त्रज्ञांची पाळी आली. जी. गीवर्गीस आणि त्यांचे सहकारी करीमनगर जिल्ह्यातल्या घरांत आणि गोठ्यांत माश्या वेचीत हिंडले. सर्जेंटोमिया या पोटकुळातल्या वाळूमाश्यांत त्यांना विषाणूचा माग लागला. त्या लेखावर विद्या आरणकल्ले यांचे नाव आहे. कावीळीच्या विषाणूंवरील कामाने त्यांचे नाव जगभर झाले होते. पुण्याच्या प्रयोगशाळेत मावळे, गीवर्गीस, घोडके, फुलमाळी, सिंग आणि मिश्रा यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. विषाणू डासाच्या मादीकडून तिच्या अंड्यांत उतरतो, म्हणजे पुढच्या पिढीचे डास जन्मतःच तो घेऊन येतात. आणि नराकडून मादीकडेही जातो. माणूस नाही मिळाला तरी त्याचे अडत नाही. माशीतही असेच होत असेल तर वर्षानुवर्षे तो भिंतीतल्या भिंतीत राहू शकतो. या लेखातले शेवटचे नाव अखिलेश मिश्रा यांचे. ते स्वतः कीटकशास्त्रज्ञ, आणि त्या काळात या विषाणू संस्थेचे संचालक. रामचंद्र रावांनी घालून दिलेला पायंडा चालू होता म्हणायचा.

वाद झाला नाही असे नाही. काही बालरोगतज्ज्ञांचे म्हणणे पडले की याला मेंदूज्वर म्हणू नये. मेंदूला सूज येऊन हळूहळू बिघडणारी ही दुखणाईत मुले नव्हेत; वृद्धांना पक्षाघाताचा झटका यावा तशी ती एकाएकी कोसळतात, म्हणून याला मेंदूवरचा झटकाच म्हणावे. विषाणू सापडला म्हणून तोच कारण, हेही आधी सिद्ध करा, असेही विचारले गेले. मला हे वाद आवडतात. सुगरण दुसरीच्या चकलीला नाव ठेवते तेव्हा निदान दोघींच्याही चकल्या सुधारतात.

साथ मात्र वादासाठी थांबली नाही. 2004 मध्ये गुजरातच्या पूर्व भागात ती आली, तेव्हा आजारी झालेल्यांपैकी चारातली तीन मुले दगावली. 2007 साली ती आपल्या नागपूर विभागात उतरली, म्हणजे जन्मगावी परतली. 78 मुले आजारी, 34 मृत्यू. आणि अगदी अलीकडे, 2024 च्या पावसाळ्यात, गुजरातेत साबरकांठ्यापासून सुरुवात होऊन अशी साथ आली की जागतिक आरोग्य संघटनेने तिला गेल्या वीस वर्षांतली सर्वांत मोठी म्हटले. जूनपासून 15 ऑगस्टपर्यंत मेंदूविकाराचे 245 रुग्ण नोंदले गेले, 82 दगावले. त्यांपैकी 64 जणांत चांदीपुरा विषाणू निश्चित झाला. या विषाणूवर नेमके औषध नाही, बाजारात लसही नाही. आकडी थांबवणे, मेंदूतला ताण उतरवणे, श्वास चालू ठेवणे, एवढेच डॉक्टरांच्या हाती असते; आणि तेही मूल काही तासांच्या आत दवाखान्यात पोचले तर. म्हणून पावसाळ्यात लहान मुलाला ताप येऊन उलट्या किंवा आकडी सुरू झाली तर सकाळची वाट पाहू नये.

आणि उपाय? गुजरातेत आरोग्य खात्याची माणसे कच्च्या घरांच्या भिंतींवर मॅलाथिऑनची भुकटी मारीत हिंडली. त्याबरोबर लोकांना सांगण्यात आले ते असे. भिंतीच्या भेगा बुजवा. गोठा घरापासून दूर ठेवा. शेणामातीचा ओला ढीग भिंतीशी साठू देऊ नका, माशी तेथे अंडी घालते. मुलांना जमिनीवर निजवू नका, कारण ही माशी उंच उडत नाही. साध्या मच्छरदाणीच्या जाळीतून ती आरपार जाते, तेव्हा बारीक जाळीची वापरा. यातला पहिला उपाय वाचून मला आमचे अंगण आठवले, आणि गाऱ्यात तुडवणारे बायकांचे पाय.

2003 च्या त्या पावसाळ्यात वर्तमानपत्रांत रोज आंध्रातल्या मुलांच्या बातम्या येत होत्या. मी पुण्यातल्या एका स्नेह्याकडून चांदीपुऱ्याविषयी मिळेल ते मागवून वाचले, आणि औरंगाबादच्या माश्यांवरच्या त्या टिपणाचा उल्लेख पाहून बराच वेळ गप्प बसलो. आषाढ, गोठा, सकाळचा खेळ, दुपारचा ताप, दिवेलागणीची आकडी. बेचाळीस वर्षांनी कोणी ते प्रसंग माझ्यासमोर छापून ठेवावेत तसे झाले.

त्या आठवड्यात मी तेरखेड्याला गेलो. आत्या तेव्हा सत्तरीच्या पुढे, पण नजर आणि कान शाबूत. मला वाटत होते की मी तिच्यासाठी मोठी सुटका घेऊन चाललो आहे. नजर नव्हती, बाहेरचे नव्हते, तुझे लक्ष नव्हते असेही नव्हते. असली तर एवढीशी एक माशी असेल, असे मला तिला सांगायचे होते. मी सांगितले. भिंतीच्या भेगा, गोठा, माती, सगळे, शाळेत शिकवतो तसे, क्रमाने.

आत्याने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाली, "आरं, त्या साली मला दिवस गेलते. दसऱ्याला मी भितीच लिंपल्या न्हवत्या. गोठ्याची तर तशीच ऱ्हायली व्हती."

शिक्षकाच्या धंद्यात चूक केव्हा झाली ते लगेच समजते. मी घाईघाईने म्हणालो, "आत्या, असं नसतं. तपासलेलं रक्त नाही, काही नाही. ते पोर कशानं गेलं हे आता कोणालाच सांगता येणार नाही. तसल्या आकडीचे दहा आजार असतात. आणि दसऱ्याला लिंपलेली भिंत आषाढाच्या पावसात कुठं टिकते?" जे मी बोललो ते अक्षरशः खरे होते. पण अर्ध्या तासापूर्वी मी वेगळेच बोललो होतो, हे तिलाही कळत होते आणि मलाही.

"मंग मघाशी कशापायी सांगितलंस?" तिने विचारले. त्यात राग नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते.

मला उत्तर सुचले नाही. थोड्या वेळाने तिनेच विचारले, "आन् ही माशी कुणी हुडकली?" मी पुण्याच्या माणसांविषयी सांगितले. संध्याकाळी गोठ्यात बसून तोंडाने नळीत माश्या ओढणारी माणसे, हे ऐकून तिला हसू आले. "शिकलेली माणसं?" मी म्हटले, होय, चांगली शिकलेली. "रातभर गोठ्यात?" होय. तिने मान हलवली आणि नातसुनेला चहा टाकायला सांगितला.

त्या वर्षी दिवाळीला मी पुन्हा गेलो. आत्याचे घर तोवर सिमेंटचे झाले होते, पण मागचा गोठा मातीचाच होता. गावात फटाके वाजत होते. मी मागच्या दाराने गेलो तर आत्या गोठ्यात पाट टाकून बसली होती, नातसून आणि पणतू गारा कालवत होते, आणि आत्या काठीने एकेक भेग दाखवीत होती. खालची, दावणीच्या लगतची, जमिनीपासून हातभर उंचीवरची. वरच्या भेगांना तिने हात लावू दिला नाही.

"वर ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "ती उंच उडत न्हाई."